कोणता टेराफ्लॉप? दोन ग्राफिक्स कार्डे आणि देशाच्या संगणनशक्तीचा हिशेब

देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये एक संख्या सतत वाढत आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली, तेव्हा उद्दिष्ट १०,००० हून अधिक जीपीयूंचे होते. जानेवारी २०२५ मध्ये १८,६९३ जीपीयू उपलब्ध होणार असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हा आकडा ३४,००० च्या पुढे गेला आणि पुढे ३८,००० वर पोहोचला. संशोधक, विद्यार्थी आणि नवउद्योगांना अनुदानित दराने, ताशी सुमारे ६५ रुपयांत, ही शक्ती मिळेल असे सांगितले गेले. बातमी निश्चितच स्वागतार्ह आहे.

मात्र ‘जीपीयू’ हे मोजमापाचे एकक नव्हे. रिक्षा, मालमोटार आणि रेल्वेचे इंजिन एकाच रांगेत उभे करून ‘एकूण वाहने तीन’ असे म्हटले तर ते खोटे ठरत नाही. पण त्यावरून किती धान्य कोठे पोहोचेल हे कळत नाही. जीपीयूंच्या मोजणीचे तसेच आहे. ‘अमुक इतके टेराफ्लॉप’ हा अधिक शास्त्रीय वाटणारा आकडाही पुष्कळदा तितकाच अपुरा असतो. हे समजून घेण्यासाठी अडतीस हजार कार्डांची गरज नाही, दोन पुरेशी आहेत.

दोन कार्डे

पहिले कार्ड एनव्हिडियाचे ए१००. मे २०२० मध्ये आलेले हे कार्ड केवळ डेटा सेंटर आणि महासंगणकांसाठी बनवलेले आहे. दुसरे त्याच कंपनीचे जीफोर्स आरटीएक्स ४०९०. ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलर या घोषित किमतीला आलेले हे कार्ड मुख्यतः संगणकीय खेळांसाठी आहे. ए१०० त्याच्या कित्येक पटींनी महाग. दोघांचे प्रमुख तपशील असे:

• ट्रान्झिस्टर: ए१०० मध्ये ५४.२ अब्ज, ४०९० मध्ये ७६.३ अब्ज
• एकेरी अचूकतेतील (३२ बिट) कमाल वेग: १९.५ टेराफ्लॉप आणि ८२.६ टेराफ्लॉप
• दुहेरी अचूकतेतील (६४ बिट) कमाल वेग: ९.७ टेराफ्लॉप आणि १.२९ टेराफ्लॉप
• मेमरी: ८० जीबी आणि २४ जीबी
• मेमरीची बँडविड्थ: सेकंदाला २,०३९ जीबी आणि १,००८ जीबी
• वीज: ४०० वॅट आणि ४५० वॅट

(ए१०० चे आकडे ८० जीबीच्या, थेट सर्व्हरच्या बोर्डावर बसणाऱ्या आवृत्तीचे आहेत.)

आता प्रश्न अगदी साधा: वेगवान कार्ड कोणते? दुसरी ओळ वाचणारा म्हणेल, स्वस्त कार्ड चौपटीहून अधिक वेगवान आहे. तिसरी ओळ वाचणारा म्हणेल, तेच कार्ड साडेसात पटींनी मंद आहे. दोघेही कंपनीच्या अधिकृत कागदावरचेच आकडे सांगत असतील आणि दोघांच्या हिशेबात चूक नसेल.

हा आकडा येतो कोठून, हे पाहणे विद्यार्थ्यांसाठी उद्बोधक आहे. कमाल वेग कोणीही प्रयोगशाळेत मोजत नाही. तो गुणाकाराने काढतात. कोअरची संख्या, गुणिले दोन (एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज), गुणिले घड्याळाची गती. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २.५२ गिगाहर्ट्झ गती, म्हणून ८२.६ टेराफ्लॉप. ए१०० मध्ये ६,९१२ कोअर आणि १.४१ गिगाहर्ट्झ, म्हणून १९.५. दुहेरी अचूकतेसाठी वेगळे कोअर लागतात. ए१०० च्या प्रत्येक संगणन-गटात असे ३२ कोअर आहेत, ४०९० मध्ये फक्त दोन. खेळातील दृश्य रंगवायला ६४ बिटांची गरज पडत नाही, म्हणून कंपनीने तेथे केवळ असे प्रोग्राम चालू शकावेत एवढीच सोय ठेवली. यात फसवणूक नाही. एका विशिष्ट ग्राहकासाठी केलेली ती रचना आहे. वैज्ञानिक हा तो ग्राहक नाही, एवढेच.

अचूकता म्हणजे नेमके काय

३२ बिटांच्या दशांश-संख्येत सुमारे सात अर्थपूर्ण अंक मावतात, ६४ बिटांत सुमारे सोळा. सात अंक पुष्कळ वाटतात. पण ३२ बिटांत १,६७,७७,२१६ या संख्येत एक मिळवला तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ हेच येते. मिळवलेला एक नाहीसा होतो. १६ बिटांच्या नेहमीच्या रूपात हीच गोष्ट २,०४८ पाशी घडते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत लोकप्रिय असलेल्या बीफ्लोट१६ या रूपात अवघ्या २५६ पाशी.

भौतिकशास्त्रातले उदाहरण घेऊ. एखाद्या हवामान-प्रारूपात एका ठिकाणचे तापमान ३०० केल्विन आहे आणि दर मिनिटाच्या टप्प्याला त्यात ०.००००१ केल्विनची भर पडते आहे. ३०० च्या आसपास ३२ बिटांतील दोन शेजारच्या संख्यांमधील अंतर सुमारे ०.००००३ आहे. मिळवायची भर या अंतराच्या निम्म्याहूनही कमी असल्याने प्रत्येक वेळी उत्तर खाली गोल होऊन पुन्हा ३०० वरच येते. दिवसाचे १,४४० टप्पे, वर्षाचे ३६५ दिवस. खऱ्या हिशेबाने वर्षात सव्वापाच केल्विन वाढ व्हायला हवी होती. ३२ बिटांच्या हिशेबात तापमान तसूभरही हललेले नसते. संगणक कोणतीही चूक कळवत नाही, तक्ता नीटनेटका छापला जातो आणि निष्कर्ष मात्र पूर्णपणे चुकीचा असतो.

याचा अर्थ सर्वत्र ६४ बिटच हवेत असा नाही. विल्यम कहान यांच्या नावाने ओळखली जाणारी बेरजेची रीत वापरली, म्हणजे हरवणारी भर वेगळी जपून ठेवली, तर वरचे संकट ३२ बिटांतही टळते. पण त्यासाठी ते संकट तेथे आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. अचूकता ही यंत्रासोबत फुकट मिळणारी वस्तू नाही. तिचा विचार कोणाला तरी करावाच लागतो.

खरा अडसर पुष्कळदा मेमरीचा

वरच्या यादीतील सर्वांत दुर्लक्षित ओळ मेमरीच्या बँडविड्थची आहे. कोअर कितीही वेगवान असोत, त्यांच्यापर्यंत संख्या पोहोचल्याच नाहीत तर ते रिकामे बसतात. सॅम्युएल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००९ मध्ये मांडलेले ‘रूफलाइन’ प्रारूप हेच सांगते. मेमरीतून आणलेल्या प्रत्येक बाइटमागे किती क्रिया होतात, यावर ठरते की अडसर कोअरचा आहे की मेमरीचा.

एक सोपा हिशेब करून पाहावा. दोन लांबलचक याद्या आहेत. दुसरीतील प्रत्येक संख्येला एका स्थिरांकाने गुणायचे, पहिलीतील संख्येत मिळवायचे आणि उत्तर तिसऱ्या यादीत लिहायचे. प्रत्येक ओळीला क्रिया दोन, आणि मेमरीतून ये-जा तीन संख्यांची. ३२ बिटांत ही ये-जा १२ बाइटांची. सेकंदाला १,००८ जीबी वाहून नेणारे ४०९० हे काम जास्तीत जास्त १६८ गिगाफ्लॉपने करील, तर २,०३९ जीबी नेणारे ए१०० ३४० गिगाफ्लॉपने. कागदावर चौपटीने वेगवान असलेले कार्ड येथे निम्म्या वेगाचे ठरते, आणि त्याच्या ८२.६ टेराफ्लॉपपैकी जेमतेम ०.२ टक्का वापरात येतो.

हेच काम ६४ बिटांत केले तर ये-जा २४ बाइटांची होते. वेग अनुक्रमे ८४ आणि १७० गिगाफ्लॉप. कागदावरचे अंतर साडेसात पटींचे होते. प्रत्यक्षात ते पुन्हा दुप्पटच भरते. म्हणजे ‘चौपट वेगवान’ आणि ‘साडेसात पट मंद’ ही दोन्ही विधाने या कामापुरती निरर्थक आहेत. दोन्ही वेळा उत्तर बँडविड्थच्या गुणोत्तराने दिले.

४०९० ची ३२ बिटांतील पूर्ण शक्ती वापरायची असेल तर मेमरीतून आणलेल्या प्रत्येक बाइटवर सुमारे ८२ क्रिया, म्हणजे प्रत्येक संख्येवर सव्वातीनशेच्या वर क्रिया व्हाव्या लागतात. मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात हे घडते. द्रवगतिकी, विरळ मॅट्रिक्स आणि जाळीवरील समीकरणे यांत ते क्वचितच घडते. विदा लहान असून कार्डाच्या अंतर्गत कॅशमध्ये मावत असेल तर मात्र चित्र बदलते, कारण ४०९० ची कॅश ७२ एमबीची आहे आणि ए१०० ची ४० एमबीची. म्हणजे त्याच प्रोग्रामचा निकाल विदेच्या आकारावरही फिरू शकतो.

भाषिक प्रारूपे चालवतानाही हाच नियम दिसतो. ७ अब्ज प्राचलांचे प्रारूप १६ बिटांत १४ जीबी जागा घेते, आणि एका वापरकर्त्यासाठी प्रत्येक नवा शब्दखंड काढताना ते सगळे मेमरीतून वाचावे लागते. म्हणून ४०९० वर सेकंदाला अधिकाधिक ७२ आणि ए१०० वर १४५ शब्दखंड. टेराफ्लॉपचा येथे संबंधच येत नाही. ७० अब्ज प्राचलांचे प्रारूप चार बिटांपर्यंत दाबले तरी ते ३५ जीबी होते. ते ए१०० मध्ये मावते, ४०९० मध्ये मावत नाही. तेथे वेगाची तुलना करण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘एआय पेटाफ्लॉप’ नावाचे एकक

आता हा हिशेब देशाच्या बातम्यांना लावून पाहावा. ए१०० मध्ये सामान्य कोअरांखेरीज मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी टेन्सर कोअर आहेत. १६ बिटांत त्यांचा कमाल वेग ३१२ टेराफ्लॉप. मॅट्रिक्समधील दर चार संख्यांपैकी दोन शून्य असतील अशी विशिष्ट रचना केली तर कागदावर हाच आकडा दुप्पट होऊन ६२४ होतो. म्हणजे एकाच कार्डाला ९.७, १९.५, ३१२ आणि ६२४ असे चार वेग आहेत, आणि यांतला कोणताही आकडा खोटा नाही.

पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ या यंत्रणेत ४२ डीजीएक्स ए१०० संच आहेत, प्रत्येकात आठ कार्डे. ३३६ कार्डे गुणिले ६२४ टेराफ्लॉप केले की २१० पेटाफ्लॉप येतात, आणि नेमका हाच आकडा ‘२१० एआय पेटाफ्लॉप’ म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे तो १६ बिटांचा, आणि अर्ध्या संख्या शून्य धरून काढलेला आहे. मे २०२३ मध्ये सी-डॅकचीच ‘ऐरावत’ ही यंत्रणा जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आली. तेव्हाच्या अधिकृत निवेदनात तीन आकडे होते: परम सिद्धीसह एकूण ४१० एआय पेटाफ्लॉप, दुहेरी अचूकतेतील कमाल १३ पेटाफ्लॉप आणि दुहेरी अचूकतेत प्रत्यक्ष चाचणीत मिळालेले ८.५ पेटाफ्लॉप. निवेदन प्रामाणिक होते. तिन्ही आकडे त्यात स्पष्ट दिलेले होते. परंतु मथळा ४१० चा व्हावा आणि क्रमांक ८.५ वर मिळावा, यातील अठ्ठेचाळीस पटींची तफावत किती वाचकांच्या लक्षात आली असेल?

एखाद्या विद्यार्थ्याने ‘ऐरावत ४१० पेटाफ्लॉपचे आणि अमुक हवामान-संगणक बारा पेटाफ्लॉपचा, म्हणजे ऐरावत सुमारे चौतीस पट मोठे’ असा निष्कर्ष काढला तर दोष त्याचा नाही. मीटर आणि फूट यांची सरमिसळ करून लांबी सांगणारा निबंध शाळेतही नापास होतो. संगणनाच्या बाबतीत मात्र तशी सरमिसळ राष्ट्रीय बातम्यांत सहज खपून जाते.

कोणाला काय लागते

यावरून महागडे कार्ड चांगले आणि स्वस्त कार्ड वाईट, असा निष्कर्ष काढणे हीदेखील तितकीच मोठी चूक ठरेल. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतील तीन ‘परम रुद्र’ यंत्रणा राष्ट्रार्पण झाल्या. त्या दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र, कोलकात्याचे एस. एन. बोस केंद्र आणि पुण्याची जीएमआरटी येथे आहेत. जीएमआरटीवरील यंत्रणेच्या कामांत क्षणिक रेडिओ-स्फोटांचा शोध आहे. रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे संकेत मुळातच मोजक्या बिटांत नोंदवलेले असतात. त्यांच्या ४३५ जोड्यांचा परस्परसंबंध काढायला ३२ बिट पुरतात. रेण्वीय गतिकीतील ग्रोमॅक्ससारखे लोकप्रिय प्रोग्रामही बहुतेक हिशेब एकेरी अचूकतेत करतात. अशा कामांसाठी एखाद्या लहान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने ४०९० च्या वर्गातील दोन-चार कार्डे घेतली तर तो पैशाचा उत्तम विनियोग ठरतो. तेथे डेटा सेंटरचे कार्ड मागणे हा प्रतिष्ठेचा खर्च होईल. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की जीफोर्स कार्डांच्या सॉफ्टवेअरचा परवाना डेटा सेंटरमध्ये वापर करण्यास मनाई करतो.

याउलट कोलकाता किंवा दिल्ली येथे पदार्थविज्ञानातील अणुरेणूंची क्वांटम गणिते चालतात, तेव्हा दोन प्रचंड ऊर्जांची वजाबाकी करून उरलेल्या अगदी छोट्या फरकावर निष्कर्ष अवलंबून असतो. वजाबाकीत पहिले सात अंक कटून गेले तर ३२ बिटांत काहीच शिल्लक राहत नाही. तेथे ६४ बिट ही चैन नसून अट आहे.

या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे, आणि खरे संशोधन तेथेच घडते. युरोपच्या मध्यम-पल्ला हवामान केंद्राने मे २०२१ मध्ये आपले दैनंदिन अंदाज-प्रारूप दुहेरी अचूकतेवरून एकेरीवर आणले. आधी अनेक वर्षे एकेका घटकाची तपासणी झाली. कोठे ३२ बिट चालतात आणि कोठे ६४ राखलेच पाहिजेत, हे ठरवले गेले. वाचलेल्या वेळात त्यांनी समूह-अंदाजातील वातावरणाचे उभे थर ९१ वरून १३७ केले. केवळ समजुतीच्या बळावर मिळालेली ही सुधारणा होती. जाळी-क्वांटम-क्रोमोगतिकीतही हीच युक्ती रुळलेली आहे. समीकरण सोडवण्याचा बहुतांश भार कमी बिटांवर टाकायचा आणि उरलेली चूक तेवढी ६४ बिटांत तपासत राहायची.

भारतासाठी हा धडा थेट उपयोगाचा आहे. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ कार्यान्वित झाली. तिच्या जाळीचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे, पूर्वी तो बारा किलोमीटरचा होता. तिला बळ देणारा ‘अर्क’ हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉपचा. सहावरून तीन किलोमीटरवर जायचे तर आडव्या दोन्ही दिशांना दुप्पट चौकोन आणि काळाचे टप्पेही दुप्पट, म्हणजे किमान आठपट काम. ते सगळे केवळ नव्या खरेदीतून साधणे परवडणारे नाही. अचूकतेचा अभ्यास करणारी तरुण माणसेही तितकीच लागतील.

बाजार कोणत्या दिशेला चालला आहे

प्रश्न तातडीचा होण्याचे कारण वेगळे आहे. २०२२ च्या एच१०० कार्डात दुहेरी अचूकतेचा वेग ३४ टेराफ्लॉप होता आणि टेन्सर कोअर धरून ६७. त्यानंतरच्या बी२०० मध्ये तो चाळिसाच्या घरात आला, आणि बी३०० मध्ये सव्वा टेराफ्लॉपच्या आसपास घसरला. म्हणजे डेटा सेंटरसाठीचे अत्यंत महागडे, अत्याधुनिक कार्ड ६४ बिटांच्या कामात जवळजवळ खेळांसाठीच्या ४०९० इतकेच उरले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला चार आणि आठ बिट पुरतात, ग्राहक तेथे आहेत, म्हणून चिपवरची जागा तिकडे गेली. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध आहे. पण जो देश ‘जीपीयू वाढले’ एवढ्यावरच समाधान मानेल, तो नवी कार्डे घेतल्यावर आपल्या हवामानशास्त्रज्ञांना, क्वांटम रसायनतज्ज्ञांना आणि प्लाझ्मा भौतिकीच्या विद्यार्थ्यांना कदाचित पूर्वीपेक्षा कमी शक्ती देऊन बसेल, आणि आकडेवारीत ती प्रगतीच दिसेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींचा आदराने विचार व्हायला हवा. पहिला आक्षेप असा, की ६४ बिटांचे मॅट्रिक्स-गुणाकार आता आठ बिटांच्या टेन्सर कोअरांवर तुकडे करून, अचूकता न गमावता करता येतात. कात्सुहिसा ओझाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत खरोखर सुंदर आहे आणि मोठ्या मॅट्रिक्सांवर ती उपयोगी पडते. पण ती मॅट्रिक्स-गुणाकाराची पद्धत आहे. ज्या प्रोग्रामचा बराच वेळ घातांकी फलने, विकिरणाची गणिते किंवा रासायनिक अभिक्रियांचे दर काढण्यात जातो, त्याला तिचा आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कृत्रिम बुद्धिमत्ताच आता भौतिक प्रारूपांची जागा घेईल, मग ६४ बिट हवेत कशाला? २०२३ मध्ये गाजलेले ग्राफकास्ट हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. ते दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत देते. पण ते शिकले कशावर? ईआरए५ नावाच्या, दशकानुदशकांच्या वातावरणाच्या नोंदींवर. आणि त्या नोंदी निरीक्षणे व भौतिक प्रारूप यांच्या मिलाफातूनच तयार झाल्या. विहीर आटली तर मोटेला दोष देऊन भागत नाही.

मोजमाप कसे असावे

बिटांशिवाय आकडा अपुरा असतो हे काही मंडळींना चांगले कळते. अमेरिकेने चिप-निर्यातीवर बंधने घातली तेव्हा नुसते टेराफ्लॉप मोजले नाहीत. वेगाला बिटांच्या लांबीने गुणून येणारा आकडा ४,८०० च्या वर गेला की कार्ड नियंत्रणाखाली, असा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये केला. ए१०० चा हा गुणाकार ४,९९२ येतो आणि ४०९० चा ५,२८५, त्यामुळे खेळांसाठीचे कार्डही त्या यादीत अडकले. चीनच्या बाजारासाठी कंपनीला ते मंदावून ‘४०९० डी’ नावाने काढावे लागले. हे माप कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी आखलेले होते, म्हणून त्यात मेमरीची बँडविड्थ किंवा ६४ बिटांची ताकद दिसत नाही. तरीही मोजायचे काय हे आधी ठरवून मग माप बनवणे, ही शिस्त त्यात आहे. ज्याला रोखायचे आहे तो इतके काटेकोर मोजतो. ज्याला उभारायचे आहे त्याने तरी ढोबळ का मोजावे?

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यांतील एकीलाही मोठा निधी लागत नाही. पहिली, सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक यंत्रणेच्या घोषणेत वेगासोबत बिट, ‘कागदावरचा’ की ‘चाचणीतला’ हा खुलासा, आणि एकूण मेमरी बँडविड्थ दिली जावी. दुसरी, खरेदीपूर्वी देशातल्याच पाच-सहा खऱ्या प्रोग्रामांवर कार्डांची चाचणी व्हावी आणि निकाल सर्वांसाठी खुले असावेत. त्यांत एक मान्सूनचे प्रारूप, एक क्वांटम पदार्थविज्ञानाचा प्रोग्राम, एक रेडिओ खगोलशास्त्राचा आणि एक भारतीय भाषांच्या प्रारूपाचा असावा. ६४ बिटांची ताकद टिकवून ठेवणारी कार्डे आजही उपलब्ध आहेत. एएमडीच्या एमआय३००एक्समध्ये ती ८१.७ टेराफ्लॉप आहे. अशा कार्डांचा निश्चित वाटा विज्ञानासाठी राखला जावा. तिसरी, संख्यात्मक विश्लेषण हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात परीक्षेपुरता न राहता प्रत्यक्ष यंत्रावर शिकवला जावा.

विद्यार्थ्यांना यासाठी धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रोग्राम एकदा ३२ बिटांत आणि एकदा ६४ बिटांत चालवावा आणि उत्तरांतला फरक अपेक्षित चुकीशी ताडून पाहावा. दर बाइटमागे किती क्रिया होतात ते कागदावर मोजावे. मगच कार्ड मागावे. ज्या प्रबंधात ‘अमुक जीपीयूवर गणना केली’ एवढेच लिहिलेले असते आणि अचूकता नमूद नसते, तेथे परीक्षकाने तो प्रश्न विचारायलाच हवा.

ए१०० आणि ४०९० यांच्यातील स्पर्धा कोणी जिंकली, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण स्पर्धा कोणत्या कामाची होती हेच त्यात सांगितलेले नाही. अडतीस हजारांचा आकडा उद्या पन्नास हजारांवर जाईल. तेव्हा अभिनंदनाबरोबर एवढे विचारले जावे: किती बिटांचे, किती बँडविड्थचे आणि कोणाच्या कामाचे?